लोला पिलार यांचा निरोप समारंभ

मॉरिसव्हिल

अमेरिकेहून परतलेल्या माणसाने नायगाऱ्यावर बोलायचं असतं. नायगारा मी पाहिला तो मुख्यतः निळ्या प्लास्टिकच्या रेनकोटाच्या आतून, कारण टोपीची नाडी मी गळ्याशी बांधायच्या ऐवजी डोळ्यांवर बांधून घेतली होती आणि ओल्या हातांनी ती सुटेना. तेव्हा त्या धबधब्याविषयी मी अधिकारवाणीने एवढंच सांगू शकतो, की तो फार मोठ्याने पडतो.

त्यामुळे लोक विचारतात, "काय काय पाहिलंत?" तेव्हा मी म्हणतो, एक अंत्ययात्रा पाहिली. विचारणाऱ्याचा चेहरा पडतो. पण तो ऐकून घेतो, आणि बहुतेक वेळा मध्येच कुठेतरी हसतो. म्हणून आता लिहूनच काढतो.

आमची मुलगी मुग्धा आणि जावई निखिल नॉर्थ कॅरोलायनातल्या मॉरिसव्हिलला राहतात. एकाला एक चिकटलेली घरं, पुढे रुमालाएवढी हिरवळ. अर्धी गल्ली तेलुगू, पाव गल्ली मराठी, आणि अगदी शेजारच्या घरात फिलिपिन्सची एक म्हातारी आणि तिचा मुलगा रॅमन. रॅमन अमेरिकेच्या नौदलातून निवृत्त झालेला. त्याची आई नव्वदीला टेकलेली, पण रोज सकाळी वॉकर ढकलत तळ्यापर्यंत जायची. त्याच वेळी मीही निघायचो. मला मधुमेह आहे आणि आमच्या हिची माझ्यावर नजर आहे.

गल्लीतली पोरं तिला लोला कोरा म्हणत. मी समजलो, लोला हे नाव आणि कोरा आडनाव. तेव्हा मीही सलगीने नुसतं "गुड मॉर्निंग, लोला" सुरू केलं. पुष्कळ दिवसांनी रॅमनने सांगितलं, की त्यांच्या भाषेत लोला म्हणजे आजी. अडुसष्ट वर्षांचा मी टकलावरून हात फिरवत तिला "आजी, आजी" म्हणत होतो आणि ती मजेत ऐकून घेत होती.

"मग तुम्ही मला सांगितलं का नाही?" मी तिला विचारलं.

"तू इतका मोठा नातू," ती म्हणाली, "आणि कपडे धुवायला लागत नाहीत. कशाला सांगू?"

ऑक्टोबरात एका सकाळी ती फिरायला आली नाही. रॅमन दारात उभा होता. त्याची मावशी, लोला पिलार, व्हर्जिनिया बीचला वारली होती. लोला कोराची एकुलती एक मोठी बहीण. रॅमन आईला घेऊन निघाला होता आणि गाडीत मागची सीट रिकामी होती.

शेजाऱ्याकडे असं काही झालं की आपण चप्पल घालून निघतोच. मी म्हणालो, मी येतो. रॅमन जरा गोंधळला, पण आतून लोला म्हणाली, "येऊ दे त्याला. तो बोलत राहील, मला झोप लागेल."

घरी ही लगेच डबा भरायला लागली. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून पिठलं आणि भात. भरताना मला हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही दुःखाच्या घरी जाताय. समुद्र बघायला नाही. पोहायची चड्डी काढून ठेवा पिशवीतून."

मी काढून ठेवली.

वाटेत

मॉरिसव्हिल सोडून ईशान्येला निघालं की झाडांच्या भिंती संपतात आणि शेतं लागतात. कापूस फुटलेला. पुढे व्हर्जिनियात भुईमूग. मी नाशिकचा असलो तरी माझं आजोळ खानदेशातलं, त्यामुळे एवढा कापूस पाहून गाडीतल्या गाडीत मी शेतकरी झालो आणि बोंडांवर भाष्य करू लागलो. लोलाला खरंच झोप लागली.

रस्त्याकडेला एका टपरीवर उकडलेल्या शेंगा मिळाल्या. मिठाच्या पाण्यात शिजवलेल्या, गरम, ओल्या, कागदी पिशवीतून पाणी गळतंय. अमेरिकेत मी पिझ्झे खाल्ले, केक खाल्ले, पण माझ्या जिभेने या देशाला मान्यता दिली ती त्या टपरीवर. लोला जागी झाली. तिच्या गावीही शेंगा अशाच उकडून खात. आम्ही दोघं सालं एकाच पिशवीत टाकत खात राहिलो आणि मला वाटलं, आता बाईंच्या देशाविषयी काहीतरी आपुलकीचं बोलावं.

"फिलिपिन्समध्ये युद्धात जपानी आले होते ना?" मी म्हणालो. "आमच्याकडे तेव्हाचे जपानी म्हणजे आमच्या बाजूचे बरं का. इंग्रजांविरुद्ध लढणाऱ्या आमच्या फौजेला त्यांनी मदत केली. शाळेत आम्ही फार कौतुकाने शिकलो."

रॅमनने आरशातून माझ्याकडे पाहिलं. लोलाने एक शेंग सोलली, त्यातले दाणे माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाली, "असं का? खा."

मी खाल्ले. आपण काय बोललो ते मला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कळलं.

व्हर्जिनिया बीच

पिलारच्या मुलीचं, तेरेसाचं घर. शव फ्युनरल होममध्ये होतं, पण माणसं सगळी घरात. चूल पेटलेली नसेल या समजुतीने मी पिठल्याचा डबा छातीशी धरून आत गेलो, तर टेबलावर अख्खं भाजलेलं डुक्कर सफरचंद तोंडात धरून माझ्याकडे बघत होतं. शेवया, भात, तळलेले रोल, जांभळ्या रंगाचा केक. एका कोपऱ्यात पत्ते चालू, दुसऱ्या कोपऱ्यात गाणं. म्हाताऱ्या बायका एकमेकींना टाळ्या देत हसत होत्या. मी रॅमनला विचारलं, आपण चुकून बारशाच्या घरी तर आलो नाही ना?

"मेलेल्या माणसाला एकटं ठेवत नाहीत आमच्यात," तो म्हणाला. "आणि माणसं बसवून ठेवायची तर खायला घालावं लागतं."

तेरेसाने माझं पिठलं डुकराच्या शेजारी मांडलं. मी शाकाहारी असल्याने रात्रीपर्यंत त्या पिठल्याचा एकटा आश्रयदाता ठरेन असं वाटलं होतं, पण नौदलातले दोन निवृत्त काका ते पावाला लावून खाऊन गेले आणि "यात मांस कुठलं आहे?" असं विचारून गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गार वारा सुटला, म्हणून मी निखिलचा लाल स्वेटशर्ट घातला. खोलीत शिरताच बायकांच्या कुजबुजी थांबल्या. अशा घरात लाल घालत नाहीत. घालतात ती फक्त लहान मुलं, मेलेल्या माणसाने त्यांना भिववू नये म्हणून. तेरेसाने क्षणभर विचार केला, माझा दंड धरला आणि मला नेऊन मुलांच्या टेबलावर बसवलं. तिथे आम्ही पाच लाल शर्टवाले होतो. बाकीचे पहिली-दुसरीतले.

मुलं भाजलेल्या कलिंगडाच्या बिया फोडून खात होती आणि टरफलं गालिच्यावर टाकत होती. मीही खात होतो. ढीग झाला. आमच्या हिने निघताना बजावलं होतं, "तिथे पाहुण्यासारखे बसू नका, हातभार लावा." दाराशी एक केरसुणी उभी होती. मी ती घेतली आणि टरफलं लोटायला सुरुवात केली.

पत्ते थांबले. गाणं थांबलं. तेरेसा हातातलं भांडं तसंच धरून उभी राहिली. एक म्हातारी छातीवर क्रूस काढू लागली. मग कुणीतरी धावत येऊन केरसुणी माझ्या हातातून काढून घेतली, चाकू काढून घ्यावा तशी.

माझ्या डोक्यात प्रकाश पडला तो फार उशिरा. आपल्याकडेही माणूस घराबाहेर पडला की लगेच केर काढत नाहीत. तसा केर एकाच प्रसंगी काढतात. त्यांच्यात तर दफन होईपर्यंत झाडू हातात घ्यायचाच नाही. झाडलं की घरातलं आणखी कुणीतरी जातं. नाशिकला कुणी असं केलं असतं तर पहिला मीच ओरडलो असतो.

तेवढ्यात खुर्चीतून लोला कोराचं हसू ऐकू आलं. पोट धरून हसत होती. मग डोळे पुसत म्हणाली, "त्याला इकडे आणा. याला कुणी सांगितलं नसणार."

मी तिच्या पायाशी स्टुलावर बसलो. पत्तेवालेही सरकून जवळ आले. त्यांनी ही गोष्ट शंभरदा ऐकली असावी, पण पुन्हा ऐकायला बसले.

तिचे वडील बेकरीवाले होते. समुद्रकाठचं लहान गाव. पहाटे पाव भाजायचे आणि गावच्या बँडमध्ये मोठा ढोल वाजवायचे. गावात कुणी मेलं की बँड पुढे, शवपेटी मागे, त्यामागे अख्खं गाव, आणि सगळ्यांची पावलं त्या ढोलावर पडायची. गावातला प्रत्येक मेलेला माणूस त्यांनी पोचवला होता. मग जपानी फौज आली. बेकरी चालू राहिली, कारण पाव सगळ्यांनाच लागतो. पण कुणीतरी जाऊन सांगितलं, की इथला पाव डोंगरातल्या बंडखोरांकडे जातो. जपानी कॅप्टनने त्यांना बोलावून विचारलं.

"बाबा म्हणाले, मी भाजतो, खातो कोण ते पावाला विचारा." लोलाने माझ्याकडे बोट केलं. "तुझ्यासारखाच होता. नको तिथे बोलायचा."

त्याच दिवशी चर्चसमोरच्या चौकात त्यांना आणि आणखी दोघांना गोळ्या घातल्या. देह घरी दिले. पुरायची परवानगी दिली, पण अटी घालून. फक्त घरातल्यांनी जायचं. गर्दी करायची नाही. घंटा नाही, ढोल नाही, कारण ढोलाचा इशारा डोंगरात जातो म्हणे. आणि अंधार पडायच्या आत सरळ घरी परत यायचं. ढोल तर आधीच उचलून नेला होता.

"आई, पिलार, काका, आणि मावशीचा हात धरून मी," लोला म्हणाली. "बास. ज्याने सगळ्या गावाला पोचवलं त्याच्यामागे एवढीच माणसं. रस्ता मोकळा. दोन्ही बाजूला बंदुकवाले शिपाई. आणि मग काय झालं सांगू? पहिल्या घरातली बाई खराटा घेऊन अंगणात आली आणि झाडायला लागली."

नारळाच्या हिरांचा खराटा, आपल्याकडे असतो तसाच.

"मग दुसऱ्या घरातली. मग समोरची. पुरुषसुद्धा. पुढे जावं तसं प्रत्येक अंगणात घरचे सगळे झाडतायत. मेलेलं माणूस दारावरून जाताना झाडू नये, हे आमच्याकडे पोरालाही ठाऊक. पण शिपायांना ठाऊक नव्हतं. आपल्या अंगणात केर काढणाऱ्याला कोण अडवणार? आणि सगळे एका ठेक्यात. खर्र... खर्र... पिलार म्हणायची, अख्खं गाव आलं होतं, फक्त फाटकाच्या आत उभं होतं."

मला शेंगा आठवल्या. मी म्हणालो, "लोला, काल गाडीत मी जपान्यांबद्दल जे बोललो..."

"तोंडात शेंगा होत्या तुझ्या," ती म्हणाली. "मला अर्धं ऐकूच आलं नाही."

मग ती तेरेसाकडे वळली, आणि तेव्हा मला कळलं की या घरात दोन दिवस एक वाद चालला होता. पिलारची एकच इच्छा होती. दफनभूमीच्या फाटकापासून खड्ड्यापर्यंत लोकांनी तिच्यामागे चालत यावं, आणि पुढे ढोल वाजावा. बाबांना मिळाला नाही तो. लोलाने तिला शब्द दिला होता. नौदलातले म्हातारे दोन ट्रम्पेट आणि एक ट्रॉम्बोन घेऊन यायला तयार होते, पण त्यांचा ढोलवाला मागच्याच वर्षी स्वतः पेटीत बसून गेला. आणि पिलारच्या वयाचं कुणी उरलं नव्हतं, चालणार कोण?

"ममा, मी स्पीकरवर लावते ना," तेरेसा मावशीला म्हणाली. त्यांच्यात मावशीलाही ममा म्हणतात.

"स्पीकर चालतो का?" लोला म्हणाली. "मला पाय असलेला ढोल पाहिजे."

मी तोंड उघडलं. तोंड उघडणं हा माझा जुना आजार आहे. "ढोल?" मी म्हणालो. "ढोलाची काळजीच सोडा. आमच्या मॉरिसव्हिलच्या पथकात तेवढंच आहे."

लोलाने माझा हात धरला. नव्वदीच्या बाईच्या हातात इतका जोर असेल असं वाटलं नव्हतं. "नक्की?" ती म्हणाली.

आता नाही म्हणायची सोय नव्हती.

निरोप

निखिल ढोल-ताशा पथकात आहे. गणपतीत चहाची जबाबदारी माझ्याकडे होती, म्हणून पथकाच्या ग्रुपवर मीही होतो. त्याला फोन लावला तर तो ऑफिसच्या कामाने सिअ‍ॅटलला. "बाबा, मी मीटिंगमध्ये आहे. तुम्हीच टाका ना ग्रुपवर," म्हणाला आणि कट केला.

मी लिहायला बसलो. पण सणासुदीच्या ग्रुपवर 'मयत' हा शब्द टाकायला बोट धजेना. खाली कुणाच्या तरी बाळाच्या वाढदिवसाचे फोटो होते. 'प्रेतयात्रा' लिहून खोडलं. 'अंत्यविधी' लिहून खोडलं. शेवटी सभ्य भाषेत लिहिलं:

"सर्वांना नमस्कार. शनिवारी सकाळी व्हर्जिनिया बीच येथे आमच्या स्नेही लोला पिलार यांना निरोप देण्यासाठी छोटीशी मिरवणूक आहे. बँड आहे, पण ढोल नाही. तरी कृपया एक-दोन ढोल घेऊन यावे. समुद्र जवळच आहे. जेवणाची सोय आहे."

अंगठ्यांचा पाऊस पडला. सायली नावाची मुलगी, नागपूरची, तिकडे पीएचडी करते, तिने लिहिलं, "काका, येतो आम्ही. दोन गाड्या." मला वाटलं, काय समंजस पिढी आहे. परक्या बाईसाठी एवढ्या लांब येतात.

शनिवारी चर्चमधली प्रार्थना संपत आली तेव्हा मी गाड्या बघायला बाहेर आलो. दोन गाड्या आल्या. दारं उघडली आणि भगवे फेटे बाहेर पडले. पांढरे कुर्ते, फेटे, मुलींच्या नथी. एका गाडीच्या टपावर ढोल, दुसरीच्या काचेतून फुगवायची मगर दिसत होती, समुद्रात बसायची.

सायली हसत आली. हातात ताट. ताटात शाल, नारळ आणि फुलं.

"काका, उत्सवमूर्ती कुठे आहेत?"

"आत आहेत," मी म्हणालो. "आत्ता आणतील बाहेर."

"आणतील म्हणजे? व्हीलचेअरवर आहेत का?"

"नाही. तशा... आडव्या आहेत."

तेवढ्यात काळ्या कोटातल्या माणसांनी चर्चचं दार उघडलं आणि शववाहिका उलटी दाराशी सरकू लागली. सायलीने ती पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. तिच्या मागे सगळं पथक एकेक करून तसंच बघू लागलं. एकाने हळूच गाडीचं दार लावून मगर झाकली.

"काका," सायली म्हणाली, "तुम्ही निरोप लिहिलं होतं."

"हा निरोपच आहे."

"आम्हाला वाटलं आजी रिटायर होऊन गावी चालल्यात. आम्ही सत्काराची तयारी करून आलो ना बाप्पा. कार्डपण बनवलंय." तिने एक मोठं कार्ड माझ्यासमोर धरलं. सोनेरी अक्षरं, खाली सगळ्यांच्या सह्या. 'आदरणीय लोला पिलार यांना पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा.'

मी ते कार्ड पाठीमागे लपवायला गेलो, पण वॉकरची खडखड अगदी जवळ आली होती. लोला कोरा. काळा झगा, डोक्यावर काळी जाळी. तिने फेट्यांकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं, ढोलाकडे पाहिलं.

"काय लिहिलंय त्यावर?" तिने विचारलं.

खोटं बोलायला वेळ मिळाला असता तर मी बोललो असतो. पण सुचलंच नाही. जसंच्या तसं सांगितलं, की पुढच्या वाटेसाठी शुभेच्छा.

लोलाने कार्ड हातात घेतलं. उलटं धरलं होतं, पण बराच वेळ पाहिलं. "इथे आलेल्या सगळ्या कार्डांवर सॉरी लिहिलंय," ती म्हणाली. "हेच एक बरोबर आहे." आणि तिने ते पेटीवरच्या फुलांत उभं करून ठेवलं. शाल स्वतः पांघरली, वारा गार होता. नारळ हलवून पाणी आहे का ते ऐकलं आणि रॅमनच्या हातात दिला. मग फेट्यांकडे हात करून रॅमनला म्हणाली, "बघ, चालायला माणसं आली."

सायलीने फेटा काढायला हात वर नेला. लोलाने मानेनेच नको म्हटलं.

दफनभूमीच्या फाटकाशी सगळे गाड्यांतून उतरले. ताशे बांधूनच ठेवले. सायलीने एक ढोल कमरेला बांधला, दुसरा ढोल एका उंच मुलाने. ट्रम्पेटवाल्या म्हाताऱ्यांनी संथ चाल सुरू केली, आणि सायलीच्या हातांनी सवयीप्रमाणे विसर्जनाच्या ठेक्याला सुरुवात केली. चार पावलांत शववाहिका मागे राहिली आणि ढोल खड्ड्याच्या दिशेने पुढे निघाले. एक ट्रम्पेट अडखळून थांबला.

लोलाने हात वर केला. सगळं थांबलं, शववाहिकासुद्धा. ती वॉकर ढकलत, सगळ्यांना ओलांडून, सायलीच्या समोर येऊन उभी राहिली. मला वाटलं, संपलं. माझा शब्द, तिचा शब्द, सगळं माझ्या एका निरोपापायी गेलं.

"पोरी," लोला म्हणाली, "काडी ठेव. हाताने वाजव. आणि माझ्या पायाकडे बघ."

सायलीने टिपरू कमरेला खोवलं. लोला वळली आणि सगळ्यांच्या पुढे चालू लागली. वॉकर पुढे, मग एक पाय, मग दुसरा ओढत. सायली तिच्या अर्धं पाऊल मागे, मान खाली घालून. पाय टेकला की थाप. मध्ये एवढं अंतर पडायचं, की आता पुढची थाप येणार नाही असं वाटायचं, आणि मग पाय टेकायचा आणि ती यायची. म्हाताऱ्यांनी त्यांची चाल त्या थापेला आणून जोडली. मागे तेरेसा, लाल शर्टातली पोरं, पत्तेवाले, आणि फेट्यांची रांग. काही वेळाने मी खाली पाहिलं तर माझेही पाय त्याच ठेक्यात पडत होते. मी आयुष्यात कधी कुणाबरोबर पाय मिळवून चाललो नाही, लग्नाच्या वरातीत स्वतःच्या घोड्याबरोबरसुद्धा नाही.

एका ठिकाणी रस्ता झाडणारा दफनभूमीचा माळी पालापाचोळ्याचं यंत्र बंद करून टोपी हातात घेऊन उभा राहिला. तो सोडला तर रस्त्यात बाहेरचं कुणी नव्हतं. पण रांग मात्र लांब दिसत होती. पेटी खाली उतरली तेव्हा पथकातल्या एका मुलाच्या तोंडून सवयीने "बाप्पा" एवढं निघून गेलं. पुढचं त्याने गिळलं. पाद्रींनी त्याच्याकडे आदराने पाहिलं, परकी प्रार्थना असावी म्हणून.

लोला खड्ड्याशी वाकून तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली. नंतर रॅमनने मला अर्थ सांगितला. ती म्हणाली होती, "ढोलवाली मुलगी आहे. बाबांना सांग."

परतताना

दफनभूमीतून निघालं की सरळ घरी जायचं नाही, असा त्यांचा नियम. वाटेत कुठेतरी थांबायचं. दुकानात, हॉटेलात, पेट्रोल पंपावर, कुठेही. नाहीतर गेलेलं माणूस मागोमाग घरी येतं. कुठे थांबलं की ते तिथे रेंगाळतं, चुकतं आणि आपल्या वाटेने जातं. आपल्याकडे दारात पाय धुऊन, आंघोळ करून भागतं. यांच्यात डोनट खावा लागतो. मला यांचा नियम जास्त आवडला.

सगळ्यांचं कोपऱ्यावरच्या डोनटच्या दुकानात जायचं ठरलं. पुढे पथकाच्या दोन गाड्या, त्यांच्या मागे नौदलवाले, शेवटी आम्ही. रॅमन चालवत होता, लोला त्याच्या शेजारी शाल पांघरून, मी मागच्या सीटवर ऐसपैस, मनात साखरेचा हिशेब मांडत. ही नाशिकचीच नजर घेऊन मॉरिसव्हिलला बसली होती, पण डोनट हा धर्माचा भाग म्हटल्यावर ती काय करणार?

पुढच्या गाड्यांचे दिवे लुकलुकले. फेटे दुकानाकडे वळले. रॅमननेही वळायला चाक फिरवलं.

"नको," लोला म्हणाली.

"आई, थांबावं लागतं."

"तेव्हा आम्हाला कुठे थांबू दिलं?" ती समोर बघत म्हणाली. "अंधार पडायच्या आत सरळ घरी, असा हुकूम होता. आई वाटभर त्याचंच रडत होती. थांबलो नाही, आता हा मागोमाग येणार म्हणून. आणि आले बाबा घरी. युद्ध संपेपर्यंत आई रोज त्यांची ताटली मांडायची. भांडायचीसुद्धा त्यांच्याशी. मी आणि पिलार हसायचो." तिने शाल खांद्यावर नीट ओढून घेतली. "आमच्या घरात भीती होती, पण पुरुषमाणूस नाही असं कधी वाटलं नाही. शिपायांनी काय दिलं ते त्यांना कळलंच नाही."

मागून कुणीतरी हॉर्न दिला.

"मॉरिसव्हिलला चल," लोला म्हणाली. "कुठे थांबू नकोस. माझ्या बाजूची खोली रिकामीच आहे."

रॅमनने चाक सरळ केलं. डोनटचं दुकान उजव्या हाताला गेलं. काचेच्या आत फेटे रांगेत उभे दिसले, सायली बाहेर बघून हात हलवत होती.

मी मागच्या सीटवर एकटाच होतो, पिशवी शेजारी टाकून, पाय पसरून. पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि खिडकीकडे सरकून बसलो.